पेंढ्याचं नाव मी घेतलं

किसन, काल तुझं तेरावं होतं आणि मी जेवायला आले नाही. निघाले होते. बावधनहून गाडी काढली, पिरंगुटच्या घाटापर्यंत आले, रस्त्याकडेला गाडी लावून पंधरा मिनिटं नुसती बसले आणि परत फिरले. घरी येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. कामवाली आली, तिनं विचारलं, "मॅडम, आज माझी सुट्टी आहे का?" तुझी आई वाट बघत असेल हे मला माहीत होतं. तुझ्या बायकोनं, संगीतानं, माझं पान वाढून ठेवलं असेल हेही माहीत होतं. म्हणूनच आले नाही.

तू असतास तर तोंडावर म्हणाला असतास, "मॅडम, तुमी लई पळपुट्या." माझ्याशी असं बोलायची सवय एकट्या तुलाच होती. बाकीचे मला डॉक्टर म्हणून घाबरतात, किंवा मी चिडकी आहे म्हणून लांब राहतात. तेरा दिवस झाले, कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. मला हे अजिबात सोसत नाहीये.

आपली ओळखच भांडणातून झाली. २००७ साल असेल. तुझं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, आईची किडनी तुझ्या पोटात नीट बसली होती, आणि तू महिन्याच्या तपासणीला आमच्या हॉस्पिटलात आला होतास. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून तुम्हाला जन्मभर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या तुमची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. धडधाकट माणूस श्वासागणिक बुरशीचे बीजाणू आत घेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तुमच्यासारख्याच्या फुप्फुसात त्यातला एखादा रुजतो. मी प्रयोगशाळेतली डॉक्टर, याच बुरश्यांचा अभ्यास करणारी. त्या दिवशी पेशंटांसमोर बोलायला मला उभं केलं होतं आणि मी पाठ केलेलं म्हणून टाकलं: धूळ टाळा, ओल आलेल्या खोलीत झोपू नका, गोठ्यात जाऊ नका, पेंढ्याला हात लावू नका.

तू मागच्या बाकावरून उठलास. "मॅडम, तुमी कधी आमच्या मुळशीत ऱ्हायल्यात का?"

"मी बावधनला राहते. तेही मुळशी तालुक्यातच येतं."

"ते न्हवं वो. आमच्यात हितं चूल, हितं गोठा, आन् वर माळ्यावर पेंढा. मधी मी. आता सांगा, काय काय टाळू?"

सगळे हसले. मी चिडले. म्हणाले, गोठा हलवा. तू म्हणालास, "आन् म्हशीला काय सांगू?"

तो प्रश्न मी घरी घेऊन गेले. परभणीकडची मी, कडब्याच्या गंजीत लपाछपी खेळलेली, आणि पुण्यात वीस वर्षं राहून पेशंटांना असलं काही वाचून दाखवत होते. आठवड्यानं पौडच्या पुढे तुमच्या वाडीवर आले. तुझ्या अंथरुणाशेजारी, चुलीजवळ, गोठ्यात आगर नावाची जेली घातलेल्या प्लेटा अर्धा तास उघड्या ठेवल्या. हवेतलं जे काही पडेल ते त्यावर उगवतं, एवढं साधं काम. तुझी आई दारात उभी राहून बघत होती. "रिकामी ताटं कशापाई मांडल्यात?" तू म्हणालास, "आये, बुरशीला जेवाया बोलावलंय." तिसऱ्या दिवशी तुझ्या उशाजवळची प्लेट काठोकाठ भरलेली होती. त्या आठवड्यात तुम्ही माळा रिकामा केला, पेंढ्याची गंज घरामागे रचली, आणि माझ्या डोक्यात पुढच्या तीन वर्षांचं काम ठरलं. किडनी बदललेली, कॅन्सरची औषधं चालू असलेली माणसं हॉस्पिटलातून घरी गेल्यावर कोणत्या हवेत श्वास घेतात, ते घरोघरी जाऊन बघायचं.

उरवड्याच्या कंपनीतली तुझी पॅकिंगची नोकरी आजारपणात गेली होती. मी तुला कामावर घेतलं. कागदावर तुझं काम स्पष्ट होतं. घर दाखवायचं, माणसांशी बोलायचं, आणि अंगणात थांबायचं. गोठ्यात आणि माळ्यावर मी किंवा माझी टेक्निशियन जाणार. ती अट मीच लिहिली होती. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मीच ती ठासून वाचून दाखवली होती आणि एका म्हाताऱ्या सदस्यांनी 'काळजी घेताय, चांगलं आहे' असं म्हटलं होतं.

आता नेरे गावातलं ते घर. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

भात झोडून झालं होतं, घराघरात नवा पेंढा आला होता. त्या घरातल्या बाईंच्या मुलाच्या रक्ताच्या कॅन्सरवर औषधं चालू होती. शेजारची शेतं प्लॉट पाडून विकली जात होती, त्यामुळे अनोळखी माणूस दिसला की तिथे लोक आधीच सावध व्हायचे. त्यात आपण तिघं तोंडाला मास्क लावून. बाईंनी दार अर्धंच उघडलं. "तोंडं बांधून आलाय ते? काय मोजाया आलाय?" मी माझं हॉस्पिटलचं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

तू मास्क हनुवटीखाली ओढलास आणि म्हणालास, "मावशी, मी पौडाच्या म्होरल्या वाडीचा. तुमच्या पोरासारखाच हाय मी बी. माझ्या पोटात माझ्या आईची किडनी हाय." मग त्यांनी तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दार पूर्ण उघडलं. तू आत गेलास, गप्पा मारत मारत सरळ शिडी चढलास, माळ्यावर जाऊन पेंढ्याच्या दोन पेंड्या झटकल्यास आणि वरून ओरडलास, "मॅडम, लावा प्लेटा, लई पडतंय!"

कौलाच्या फटीतून ऊन येत होतं. त्यात धूळ दिसत होती, तू दिसत होतास, आणि तुझा मास्क गळ्यात लोंबत होता. मी शिडीच्या पायथ्याशी उभी होते. 'किसन, खाली उतर' एवढंच म्हणायचं होतं. मी प्लेटांची झाकणं काढली आणि घड्याळात वेळ लावली.

मी का बोलले नाही, याची कारणं मी तेव्हाही गोळा केली होती. बाईंचं मन फिरेल. दार पुन्हा बंद होईल. एकदा झटकल्यानं काय होतंय. खरं कारण असं की त्या दिवशी नमुना फार चांगला मिळत होता. परतताना गाडीत मी तुला झापलं. तू हसून म्हणालास, "घरी जाऊन वाफ घेतो की." वाफेनं काही होत नाही हे मला माहीत होतं. मी 'बरं' म्हणाले.

त्यानंतर मास्क खाली येतच गेला. तू पुढे गेल्याशिवाय घरं उघडायचीच नाहीत. मी आधी रागवायची, मग नुसतं बघायची, मग बघणंही सोडलं. इतरांच्या फुप्फुसांची काळजी करत तालुकाभर फिरणारी बाई, आणि शिडीवर तिनं कोणाला चढवलं होतं? बुरशीचा अभ्यास न करणाऱ्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. त्यानं तुला कामावरच घेतलं नसतं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय, ते आज मिटवते. त्या म्हाताऱ्या आजोबांच्या घरातल्या प्लेटा आठवतात? कॅन्सरची औषधं चाललेली, आणि खाट नेमकी कोंड्याच्या कणगीला लावलेली. प्लेट बघून तू म्हणालास, आजच जाऊन सांगू. मी म्हणाले, पुन्हा नमुना घेऊ, खात्री करू, एका प्लेटीवरून बोलायचं नसतं. चांदणी चौकापर्यंत आपण भांडत आलो. "तुमी लोक पक्कं झाल्याबिगर त्वांड उघडत न्हाई. तवर त्यो म्हातारा जाईल त्येचं काय?" तू दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन त्यांच्या सुनेला सांगून आलास, खाट ओसरीवर हलवायला लावलीस. मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही. शिस्त मोडलीस म्हणाले. किसन, ते आजोबा अजून आहेत. परवा तपासणीला आले होते, तुला विचारत होते. तू बरोबर होतास. हे मी तुला जिवंतपणी एकदाही म्हणाले नाही, याची मला फार लाज वाटते.

आणि आभारही मानायचे राहिले. दुसऱ्याच्या घरात शिरावं कसं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. चपला कुठे काढायच्या, आधी कोणाशी बोलायचं, पाणी दिलं की ते प्यायचंच, ही सगळी तुझी शिकवणी. आज आमच्या पेशंटांना जो कागद मिळतो त्यात 'पेंढ्याला हात लावू नका' असं लिहिलेलं नाही. पेंढा कुठे ठेवावा, कोणी हलवावा, तेव्हा पेशंटनं कुठे बसावं, असं लिहिलंय. वाक्यं माझी आहेत, पण त्यातलं शहाणपण तुझं.

यंदा तुला खोकला लागला आणि तो तू दोन आठवडे माझ्यापासून लपवलास. मी काम बंद करीन म्हणून. लपवायला काय, मी कानात बोळे घालूनच फिरत होते. मग थुंकीत रक्त आलं. फोटोत उजव्या फुप्फुसात वाटोळी सावली दिसली. छातीत नळी घालून काढलेला नमुना माझ्याच टेबलावर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उचलली, तर हिरवट-राखाडी, मखमलीसारखी वाढ, आपल्या माळ्यांवरच्या प्लेटांत असते तीच. असल्या प्लेटीचे मी शेकडो फोटो काढलेत, विद्यार्थ्यांना कौतुकानं दाखवलेत. त्या दिवशी एकही फोटो न काढता झाकण लावलं.

वॉर्डात येऊन म्हणाले, "किसन, ॲस्परजिलस आहे."

तू डोळे मिटून हसलास. "म्हंजी आपलीच की."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बुरशीवरचं औषध चालू केलं. प्रतिकारशक्ती वर यावी म्हणून किडनीच्या गोळ्या कमी केल्या, तर किडनी हातची जायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या आईला ते समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या ती. माझ्यात अजून एक ऱ्हायलीया, ती बी घ्या. माझं पोरगं ठेवा." डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी जिना उतरून सरळ प्रयोगशाळेत गेले.

तुझं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं कामाचंच होतं. "मॅडम, माझी ट्यूब नीट ठेवा. आपल्या ट्यूबांशी जुळवून बघा. कंच्या माळ्यावरची हाय ती, ते तरी कळंल." तू सहज म्हणालास, जसं एखाद्या पेशंटबद्दल म्हणाला असतास. मी म्हणाले, "गप पड." एवढंच. त्या दोन शब्दांवर आपलं बोलणं संपलं आणि ते मला दिवसातून दहादा ऐकू येतं.

फ्रीजरमध्ये तीन वर्षांच्या ट्यूबा आहेत, प्रत्येकीत एकेका घरातली बुरशी जपलेली. चिठ्ठ्या तुझ्या अक्षरातल्या: गाव, घरधन्याचं नाव, माळा की गोठा. तुझी ट्यूब मी वेगळ्या खोक्यात ठेवलीय. दोन्हींचे डीएनए जुळवून देणारी प्रयोगशाळा आहे, मी त्यांना ओळखते. तू गेल्यापासून मी रोज फ्रीजर उघडते, थंडी अंगावर घेते आणि बंद करते. स्वतःला सांगत होते की पाठवू, दोनेक महिन्यांत रिपोर्ट येईल, मग तुझ्या घरी जाऊन काय ते सांगू. आणि दहाव्याला जे घडलं ते घडलं नसतं, तर मी त्यावर निभावूनही नेलं असतं.

दहाव्याला मी तुमच्याकडे आले होते. घर बायकांनी भरलेलं. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, संगीता दारामागे कोपऱ्यात. यंदा अवकाळी पावसात घरामागची गंज भिजली, तेव्हा तिनं चार कोरड्या पेंड्या माळ्यावर टाकल्या होत्या. म्हशीला काय घालायचं म्हणून. तुला ते माहीत होतं, तूच हो म्हणाला होतास. आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टरनी नगं सांगितलं हुतं. हिनं पेंढा चढवला माळ्यावर." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी शिकलेल्या. पेंढ्यातनंच आली न्हवं ती बुरशी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. संगीतानंही मान वर केली.

मी म्हणाले, "पेंढ्यातून येऊ शकते."

पुस्तकाप्रमाणे त्यात एक अक्षरही चूक नाही. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. कोणत्या पेंढ्यातून, कोणाच्या माळ्यावरून, शिडीखाली कोण घड्याळ बघत उभं होतं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. संगीतानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी निघाले तेव्हा ती त्या चार पेंड्यांतला उरलेला पेंढा माळ्यावरून खाली फेकत होती. एकटीच. तोंडाला काही न बांधता.

परवा तिचा फोन आला. "मॅडम, तेराव्याला या. आई माझ्या हातचं पाणी बी घेत न्हाईत. तुमी सांगितल्यापासनं त्येंच्या मनात पक्कं बसलंय. त्येंनी माझ्या भावाला सांगावा धाडलाय, उद्या तेरावं झालं की मला न्यायला या म्हनून." तक्रार करत नव्हती रे. जेवणाचं आमंत्रण देत होती. आणि मी घाटातून परत फिरले.

आज सकाळी पुन्हा फ्रीजर उघडला आणि तुझी ट्यूब हातात घेतली. समज, जुळली एखाद्या माळ्याशी. मग झालंच. आणि नाही जुळली, तर? तू तीन वर्षांत किती घरांतली धूळ गिळलीस आणि आपण त्यातल्या किती जपून ठेवल्या? न जुळल्यानं मी सुटत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मग मी कोणत्या रिपोर्टची वाट बघत होते? ट्यूब परत ठेवली आणि गाडी काढली. घाटात थांबले नाही.

तुझी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. संगीताची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, भाऊ दुपारी येणार होता. ती आत होती. मी आईसमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. कागदावरची अट सांगितली. नेऱ्याचं घर सांगितलं, शिडी, गळ्यातला मास्क, सगळं. 'तरी खात्रीनं सांगता येत नाही' हे वाक्य तीन वेळा तोंडाशी आलं आणि तीन वेळा मी ते गिळलं. संगीताच्या चार पेंड्या म्हणजे काहीच नाही, किसन माझ्यासाठी तीन वर्षं याच्या शेकडो पट पेंढा झटकत होता, असं म्हणाले.

आईचे हात सुपात थांबले. "तुमी बघितलं?"

"हो."

"आन् बोलला न्हाई?"

"नाही."

"किती येळा?"

"मोजलं नाही."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर तिनं पदरही पुढे केला नाही, आणि का करावा? मग ती मान न वळवता आत बघून म्हणाली, "संगे."

आतलं भांड्याचं वाजणं थांबलं.

"च्या टाक. तुला बी घे." आणि मला म्हणाली, "च्या पिऊन जावा. मंग या घराची पायरी चढू नगा."

संगीता तीन कप घेऊन आली. आधी कोणापुढे धरावा ते तिला कळेना, दारातच उभी राहिली. तुझ्या आईनं सूप बाजूला ठेवून हात पुढे केला, तिच्या हातातून कप घेतला आणि फुंकर घालून प्यायली. संगीताच्या कपातला चहा निम्मा सांडला. मी माझा उभ्यानंच संपवला, कप ओटीवर ठेवला आणि निघाले.